मैदानात एकटी करिश्मा

मूर्तिजापूरच्या कबड्डीच्या मैदानावर आमच्या हिवरखेडच्या शाळेच्या सहा मुली बाद होऊन कडेला बसल्या होत्या. आत उरली होती फक्त सातवीतली करिश्मा. गुण आमचे एकोणीस, समोरच्यांचे सतरा. सात मिनिटं बाकी.

चढाईला गेली की ती निदान रेषा जेमतेम ओलांडायची आणि पळत परत यायची. त्यांची चढाई आली की मागच्या कोपऱ्यात अंग चोरायची. मागच्या वर्षी तिच्यावरच लोण चढलं होतं. तेव्हापासून कर्णधार रागिणी तिला 'लोणवाली' म्हणायची.

अशी दोन मिनिटं गेली. मी वेळ मागून घेतला. करिश्मा आली, तिचे ओठ पांढरे पडले होते.

"सर, मले लय भेव लागून राहिलं. लोण चढलं तं?"

"लोण म्हणजे काय, सांग बरं."

"सारे बाद. हरलो."

"अर्धंच सांगितलंस. त्यांना तुझ्या बादचा एक आणि वर दोन गुण जास्तीचे मिळतात, खरं. पण आपल्या सातही जणी पुन्हा आत येतात. हे आत्ता झालं तर खेळायला पाच मिनिटं आहेत. शेवटच्या मिनिटाला झालं तर काय उरेल?"

"म्हंजे मुद्दाम धरू देऊ?"

"नाही बेटा. खरी चढाई कर. कुणाला शिवून आलीस तर आपली एक आत येईल. धरली गेलीस तर सगळ्या येतील."

"अन् हरलो तं?"

"तर सल्ला माझा होता."

अकोल्याला जिल्ह्याच्या सामन्यांना जाणारा संघ इथेच ठरणार होता.

ती गेली. दम घुमवत थेट आत घुसली. एकीनं घोटा धरला, बाकीच्या अंगावर पडल्या. पंचांची शिट्टी वाजली. लोण. एकोणीस-वीस.

बाकीच्या उठल्या तरी करिश्मा मातीत तोंड खुपसून तशीच पडून होती. मग तिच्या कानाशी धपधप पावलं आली. सहा जोड्या.

"उठ ना वं लोणवाली," रागिणी खेकसली, "त्याहिची चढाई हाय. कोपरा कोन धरन? मी एकटी?" आणि तिनं हात पुढे केला.

करिश्मानं तो घट्ट धरला. उठून दोघी कोपऱ्याकडे पळाल्या.