भाच्याने नेलेली थंडी

मित्रांनो, एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात माझी दृष्टी गेली. मी एक जुना जर्मेनियमचा स्फटिक आहे, लिंबाएवढा. माझ्या अंगात लिथियम मुरवलेलं होतं, म्हणून द्रव नायट्रोजनच्या पिंपावर बसून मला जन्मभर कडाक्याच्या थंडीत राहावं लागे. एकदा जरी ऊब लागली, तरी लिथियम जागा सोडणार आणि मी आंधळा होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कास्पियनच्या काठी एका अणुवीज केंद्रात माझं आयुष्य गेलं. तिथे जळून झालेल्या इंधनाच्या जुड्या खोल पाण्यात उभ्या असत. एकेक जुडी भिंतीतल्या फटीसमोर आणली, की तिच्यातले गॅमा किरण माझ्यावर येत. सीझियमच्या किरणांवरून जुडी किती जळली ते मी सांगे आणि मोजणीचं काम बघणारी लिडिया फ्योदोरोव्हना टिपून घेई. "हा खोटं बोलायला शिकलाच नाही," असं ती पाहुण्यांना सांगे, तेव्हा मला फार बरं वाटे.

नायट्रोजन ओतायचं काम ओरिनबासारचं. लग्न असो, मयत असो, नौरुझचा सण असो, तो आधी माझ्याकडे येई.

मग जुना देश मोडून नवा झाला. नायट्रोजनची गाडी कधी येई, कधी नाही. जुड्या पोलादी डब्यांत बंद करायचं ठरलं. डबा झाळला, की जुडी पुन्हा मोजता येणार नव्हती. लिडियाने घाई केली. सगळ्यात जुन्या जुड्यांची एक रांग तेवढी मोजायची उरली.

त्याच आठवड्यात ओरिनबासारचा भाचा एरसाईन आला. तो गुरांच्या पैदास केंद्रात होता. जातिवंत वळूंचं बीज तिथेही नायट्रोजनमध्येच ठेवत, आणि तिथला नायट्रोजन संपत आला होता.

"मामा, तुमचं नायट्रोजनचं राखीव पिंप द्या. नाहीतर गावाला वासरं दिसायची नाहीत."

"ते माझ्या घरचं नाही रे. घोडा माग, देतो."

"घोडा मागच्या खेपेला नेला की."

"मग काय, आता मामीला नेतोस?"

"मामी नको, फार बोलते. भाच्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं तर लोक काय म्हणतील, ते बघा."

ओरिनबासार हसला. बहिणीच्या मुलाला मामाने नाही म्हणायचं नसतं, अशी तिकडची रीत. सोमवारी गाडी येणारच, असं म्हणून त्याने पिंप दिलं.

सोमवारी हिमवादळ आलं. गाडी आली नाही. ओरिनबासारने माझ्या पिंपात काठी घालून पाहिली. काठीला दंव धरलं नाही, म्हणजे तळाशीही नायट्रोजन उरला नव्हता.

"राखीव कुठे आहे?" लिडियाने विचारलं.

"भाच्याने नेलं."

"आणि तू नेऊ दिलंस?"

"बहिणीचा मुलगा आहे, लिडिया फ्योदोरोव्हना."

"माझी एकच रांग उरली होती रे."

त्याने बाहेरून बर्फ आणून माझ्याभोवती रचला. मला लागणाऱ्या थंडीपुढे बर्फ म्हणजे चूलच. त्याचे लाल झालेले पंजे बघून वाटलं, सांगावं, राहू दे आता. ते मी पाहिलेलं शेवटचं.

मित्रांनो, नात्याला नाही म्हणा, असं मी कसं सांगू? पण जे आपलं नाही, आपल्यापाशी फक्त सांभाळायला आहे, ते द्यायच्या आधी घटकाभर थांबत जा.

लिडिया पुढच्या वर्षी साराटोव्हला मुलीकडे गेली आणि तिथेच वारली. एरसाईनचं केंद्र दोन हिवाळ्यांत बंद पडलं, जनावरं खाटकाकडे गेली. ओरिनबासार आता म्हातारा झालाय. आमच्या केंद्राचं नाव निघालं, की उठून बाहेर जातो, म्हणतात. मी कपाटात आहे. ती रांग न मोजताच डब्यांत गेली. सीझियम तीस वर्षांत निम्मं होतं, म्हणजे आता तिच्यात निम्मं उरलं असेल. कशाच्या निम्मं, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही.