गहिनीनाथअण्णा बसले ती खुर्ची

मित्रांनो, मी एक सागवानी खुर्ची आहे, आणि आता बरीच जुनी. केजच्या अभिमन्यू सुताराने मला नांदूरघाटच्या ग्रामपंचायतीसाठी घडवले. "खुर्ची असावी तर अशी!" म्हणत लोक माझ्या पाठीवरून हात फिरवत. कितीतरी पाहुण्यांनी माझ्यावर बसून हार घालून घेतले. मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मला अडगळीत टाकले. राग आला नाही असे म्हणणार नाही. पण खुर्चीचा राग कोण पाहतो?

गेल्या वर्षी आरोहीने मला बाहेर काढले. ती गावचीच, शहरात नाटक शिकलेली. गेल्या शतकातला एक परदेशी ऑपेरा तिने मराठीत बसवला होता. ऑपेरा म्हणजे सगळे गाऊनच बोलायचे असे नाटक. पडदा नाही, देखावा नाही. शाळेच्या रंगमंचावर एक दिवा आणि मी. युद्धावर गेलेल्या मुलासाठी आई रोज एक खुर्ची रिकामी ठेवते, एवढीच गोष्ट. तो शेवटपर्यंत येत नाही.

आईचे काम ऊसतोड करणाऱ्या वनमालाबाईंकडे होते. प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांची टोळी कारखान्यावर निघणार होती, म्हणून प्रयोग हा एकच.

"मावशी, सगळं गाणं खुर्चीकडं बघून म्हणायचं," आरोही तालमीत सांगे.

"ध्यानात हाय गं बाई," त्या म्हणत.

खेळ रंगला आणि माजी सभापती गहिनीनाथअण्णा उशिरा आले. मंचावर एकच खुर्ची, तीही रिकामी. आपल्यासाठीच ठेवली असणार, असे समजून ते सरळ वर चढले, माझ्यावर बसले आणि हाराची वाट पाहू लागले. अण्णांना उठवायचे कुणी? लोक खाली माना घालून बसले. आरोहीला तर रडूच फुटायचे बाकी होते.

वनमालाबाई गाता गाता जवळ आल्या आणि त्याच चालीत म्हणाल्या,

"उठा अण्णा, उठा आता, लेकराची जागा हाय,
दमून यील राजा माझा, उभा त्याला ठिवू काय?"

अण्णा उठले. खाली उतरून लोकांत मांडी घालून बसले. बाई पुढे गात राहिल्या आणि मी रिकामी राहिले. माझ्यावर एवढे मोठे लोक बसले, पण त्या दिवसासारखा मान मला कधी मिळाला नाही.

खेळ संपल्यावर अण्णांनी हसत विचारले, "काय बाई, माझं काम कसं झालं?"

"येळेवर उठलात अण्णा, तेच लई झालं," वनमालाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या कोयता घेऊन गेल्या आणि मी पुन्हा अडगळीत. मित्रांनो, मला पुसले नाही तरी चालेल. पण कुठे रिकामी खुर्ची दिसली, तर बसण्याआधी एकदा विचारा. कुणाचे तरी कुणीतरी यायचे असते.