सोडलेली शेव

लघाट्यांच्या घरात एक जुना नियम होता. कुणी काही सोडलं, तर का सोडलं ते विचारायचं नाही. अक्कांनी, म्हणजे अलकाच्या सासूबाईंनी, काशीला जाऊन वांगं सोडलं होतं. कशासाठी, ते त्यांच्या यजमानांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं की पुण्य अर्धं होतं, असं अक्का म्हणत, आणि पुण्याच्या बाबतीत अक्कांशी हुज्जत घालायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. त्यामुळे दसऱ्याला आल्हादने शेव सोडली तेव्हा कुणी तोंडातून ब्रसुद्धा काढला नाही.

आता उज्जैनमध्ये राहून शेव सोडायची, म्हणजे माशाने पाणी सोडण्यातलाच प्रकार. पोह्यांवर शेव, उसळीवर शेव, पाहुणा आला की शेव आणि पाहुणा गेला की उरलेली शेव. आल्हाद तर वरणभातावरही घ्यायचा. अकरावीतला मुलगा, खाण्याचं वय. पण सोडली म्हणजे सोडली. डबा समोर उघडा असला तरी नजर वळत नसे.

“पोरगं किती समझदार होऊन राहिलंय बघ,” अक्का म्हणाल्या. “ते व्यायामशाळेचे भैयाजी आहेत नं, त्यांनी वळण लावलं.”

अलकालाही बरंच वाटलं. खोटं कशाला बोला, चांगली छाती फुगली तिची. काळच तसा आला होता. त्यांच्या फ्रीगंज भागात घरोघर केबल आली होती. शेजारच्या जोश्यांचा चिन्मय शाळेतून आला की टीव्हीसमोर जो आडवा पडे, तो जेवायलाच उठे. कोपऱ्यावर व्हिडिओ गेमचं दुकान निघालं होतं, पोरं आईच्या पर्समधून पैसे काढून तिथे ओतत होती. आणि आपला आल्हाद पहाटे उठतो, गार पाण्याने आंघोळ करतो, उलट उत्तर देत नाही, नखं साफ, मान खाली. अलकाने दिवाळीला भैयाजींसाठी बेसनाचे लाडू पाठवले होते, तेही स्वतः वळून.

त्यात गंमत अशी की विचारणं हाच अलकाचा धंदा होता. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची आणि प्रबंधासाठी नानाखेड्याच्या पलीकडच्या सरकारी सुधारगृहात दर रविवारी जायची. लोक त्याला ‘बच्चा जेल’ म्हणत. तिथे दोन तऱ्हेची मुलं होती. एक चोऱ्यामाऱ्या करून आलेली. दुसरी, गेल्या हिवाळ्यात देशभर पेटलं तेव्हा दुकानं जाळताना पकडलेली, कुणीतरी शिकवून-पढवून पाठवलेली. या दोघांच्या मनांत फरक काय, हे अलकाला शोधायचं होतं. ती चित्रं दाखवायची आणि मुलांना त्यावरून गोष्ट सांगायला लावायची.

तिची अटकळ होती की जाळपोळवाली मुलं जास्त मोडलेली निघतील. दारुडा बाप, मार, उपासमार. निघालं उलटंच. मोडलेली होती ती चोर मुलं. जाळणाऱ्यांचे आईबाप धड होते, शाळेत मार्क चांगले होते, ती अलका आली की उठून उभी राहत आणि तिच्यासाठी खुर्ची पुसत. वॉर्डनसुद्धा किल्ल्या त्यांच्याच हाती देई.

एका चित्रात अंधाऱ्या खोलीत खिडकीशी बसलेला मुलगा होता. गब्बू नावाच्या पाकीटमाराने ते पाहून मोठं रामायण रचलं. “मॅडम, इसको बाप ने घर से निकाला. ये रात को पीछे से घुसेगा, रोटी चुराएगा, फिर माँ को सोता देख के रो देगा.” मग म्हणाला रडणार नाही, मग म्हणाला रडेल पण थोडंसंच. दर वेळी गोष्ट बदले. पण तिच्यात आई होती, भूक होती, लाज होती.

तेच चित्र तिने निर्मलला दाखवलं. निर्मल शाळामास्तरांचा मुलगा. रॉकेल आणि काडेपेटीसकट एका दुकानाच्या दारात पकडलेला.

“ये इंतज़ार कर रहा है,” तो म्हणाला.

“किसका?”

“आदेश का.”

“और इसकी माँ कहाँ है?”

निर्मलने चित्र नीट निरखलं आणि अगदी अदबीने सांगितलं, “माँ की इसमें ज़रूरत नहीं है, मॅडम.”

अलकाच्या अंगावर काटा आला होता. प्रबंधाचे गाईड म्हणाले, चांगल्या घरच्या साध्या मुलालाही हेच चित्र दाखवून बघा, तुलना होईल. साधा मुलगा शोधायला ती लांब कशाला जाते? तिने आल्हादला दाखवलं. तो म्हणाला, “वाट बघतोय. बोलावणं येईल, मग जाईल.” अलका हसली. ‘संयमी’ असं मनाशी म्हणाली आणि कुकर बंद करायला उठली. कुणाचं बोलावणं, हे तिने विचारलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी ती सुधारगृहात गेली तेव्हा तिथे सणासारखी गडबड होती. कुणा व्यापाऱ्याने वडिलांच्या नावाने मुलांना जेवण घातलं होतं. पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि परातभर लवंगी शेव. चोर मुलं परातीवर तुटून पडली होती. गब्बूने तर दोन्ही खिसे भरले. निर्मलबरोबर पकडलेले दोघेही बकाबका खात होते. निर्मल तेवढा परातीकडे पाठ करून कोरडी पुरी चावत होता.

“तुला शेव आवडत नाही?” तिने हिंदीत विचारलं.

“बहुत पसंद है. छोड़ी हुई है.”

अलकाला घरची आठवण आली आणि ती कौतुकाने हसली. “मेरे बेटे ने भी छोड़ी है.”

त्यावर निर्मलने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघितलं. इतके महिने तो नम्रपणे तिच्या खांद्याकडे बघून बोलत आला होता. आता मात्र त्याची नजर नात्यातलं माणूस भेटावं तशी मऊ झाली.

“कब छोड़ी?”

“दशहरे पर.”

“तो अब मिल गया होगा काम,” तो म्हणाला.

आजवर शेकडो प्रश्न विचारलेली ही बाई, तिला पुढचा प्रश्न तोंडाबाहेर काढायला घाम फुटला. “कौन सा काम?”

निर्मलने तिला समजावून सांगितलं, वर्गातला हुशार मुलगा ढ मुलाला समजावतो तसं. भैयाजी आधी शेव सोडायला लावतात. माळव्याच्या पोराला जिभेवर ताबा आला की हातावरही येतो. घरात कुणी विचारत नाही, उलट खूश होतात. मग काम सांगतात. काम झालं की त्या दिवशी शेव खायची. हे दोघं खातायत, कारण त्यांना नेमून दिलेलं दुकान जळलं. “मेरा अधूरा रह गया. इसलिए मैं नहीं खाता. बाहर जाके पूरा करूँगा, फिर खाऊँगा.”

“किसी के मरने का डर नहीं लगता?”

“वो चित्र में नहीं होता, मॅडम.”

अलका चित्रं तिथेच टाकून उठली. गब्बू मागून ओरडला, “मॅडम, शेव ले जाओ!” आणि खिशातली मूठ पुढे केली. त्या चोर पोराला तिचा चेहरा बघून काहीतरी कळलं होतं. निर्मल शांतपणे पुरी चावत होता.

घराकडच्या सवारी टेंपोत बसल्यावर ती स्वतःची समजूत घालू लागली. भैयाजी गावात दहा असतील. शेव काय, कुणीही सोडतं. आपला आल्हाद मुंगीवर पाय देत नाही. आणि जळायला आमच्या गल्लीत आहे तरी काय? वाण्याचं दुकान, दवाखाना, आणि रशीद टेलरचं खोक्याएवढं दुकान.

रशीद टेलरचं नाव मनात आलं आणि त्याच्या पाठोपाठ कालचा ब्लाउज.

लग्नसराई होती. तिचा निळा ब्लाउज रशीदमियाँकडे शिवायला होता, बुधवारचा वायदा होता. काल संध्याकाळी आल्हाद स्वतःहून तो घेऊन आला. हुकं लावायची होती, एक बाही नुसती टाचलेली.

“अरे, अर्धवट कशाला आणलास?” ती म्हणाली होती.

“राहू दे नं आई. हुकं तू लावून घे. तिथे कशाला ठेवायचा?”

किती काळजी करतो पोरगा, असं वाटलं होतं तिला. हो, असंच वाटलं होतं.

“भैया, जल्दी चलो,” ती टेंपोवाल्याला म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, मग ओरडलीच. शेजारची बाई तिच्याकडे बघू लागली. सुहासने तरी विचारायला हवं होतं, असं तिला वाटलं. सुहास म्हणजे तिचा नवरा, बँकेत अधिकारी, आज नेमका देवासला लग्नाला गेलेला. पण तो बिचारा घरच्या मानसशास्त्रज्ञ बाईवर भिस्त ठेवून होता. मुलाचं मन तू बघ, हप्ते मी बघतो, अशी त्यांची वाटणी होती.

टावर चौकाच्या अलीकडेच टेंपो थांबला. पोलिसाने रस्ता अडवला होता.

“उधर से घूम के जाओ. आग लगी है.”

“कहाँ?” अलकाने विचारलं.

“किसी दर्ज़ी की दुकान है.”

ती उतरली आणि धावली. पदर सुटला, चप्पल एका पायात राहिली. गल्लीच्या तोंडाशी बंब उभा होता आणि माणसं पाठ करून उभी होती. त्या पाठींमधून तिला धूर दिसला, कापड जळाल्याचा वास आला. पुढे जायचं तिचं धाडस झालं नाही. पुढे रशीद टेलर होता आणि डावीकडे घर होतं, घरात आल्हाद होता. ती घराकडे वळली. आईच होती शेवटी. पुढे आयुष्यभर त्या वळण्याची तिला लाज वाटली.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात आल्हाद पाटावर बसला होता, ताठ, मांडी घालून. केस ओले होते. एवढ्या थंडीत भरदुपारी दुसऱ्यांदा आंघोळ केली होती त्याने. साबणाच्या वासाखाली आणखी एक वास होता, स्टोव्ह पेटवताना येतो तो. समोर पोह्यांची बशी होती आणि अक्का तिच्यावर मुठीने शेव घालत होत्या.

“आलीस? बघ, आज पोराचा नेम पूर्ण झाला,” अक्का म्हणाल्या. त्यांना ऐकू कमी यायचं, बाहेरचा गलका त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. “दसऱ्यापासून तोंड बांधून होता गं लेकरू. खा रे, पोटभर खा.”

आल्हादने घास घेतला. शेव कुरकुरली.

अलका दाराची चौकट धरून उभी राहिली. खुंटीवर तिचा निळा ब्लाउज लटकत होता, एका बाहीचा टाका उसवलेला. आल्हाद पहिलीत होता तेव्हापासून त्याची हाफपँट रशीदमियाँ शिवत आले होते. माप घेताना गुदगुल्या होतात म्हणून हा खिदळायचा आणि ते दर वेळी मुद्दाम टेप पुन्हा गुंडाळायचे.

“आल्हाद,” ती म्हणाली. “आत कुणी होतं का?”

“भैयाजी बोलले, रविवारी दुपारी दुकान बंद असतं.”

“शटर खाली असतं. बंद नसतं.” अलकाने चौकट सोडली. “जेवण झालं की शटर ओढून ते आत झोपतात. गेल्या महिन्यात मी तुला पाठवलं होतं, तू शटर वाजवून वाजवून त्यांना उठवलंस, घरी येऊन मला सांगितलंस. तुला माहीत होतं, आल्हाद.”

त्याचा हात क्षणभर बशीवर थांबला. तेवढ्यात त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, गब्बूच्या गोष्टीतल्यासारखं, रडेल पण थोडंसंच. अलका त्या एका क्षणाला जिवाच्या आकांताने धरून राहिली. मग तो चेहरा पुन्हा नीट झाला, धुतलेल्या पाटीसारखा.

“तुला माहीत होतं नं? का केलंस? कशासाठी सोडली होतीस शेव?”

तो तिच्या खांद्याकडे बघून, अगदी अदबीने म्हणाला, “आई, विचारू नये.”

“बरोबर आहे त्याचं,” अक्का म्हणाल्या, आणि त्याच्या बशीत आणखी एक मूठ घातली.