बसऱ्याहून आलेली तारीख

अच्युतराव जगदाळ्यांना एकच ध्यास होता, आजोबांच्या फौजेतल्या नोंदीचा सरकारी कागद मिळावा. आजोबा पंढरीनाथ पहिल्या महायुद्धात, सोळा साली, फौजेबरोबर इराकात बसऱ्याला गेले ते परत आलेच नाहीत. मागे राहिलेल्या आजीला दिरांनी तान्ह्या पोरासकट गौतमपुऱ्याच्या घरातून बाहेर काढलं. "जमिनीपायी केलं मेल्यांनी," एवढंच आजी सांगायची. ते पोर म्हणजे अच्युतरावांचे वडील, श्रीहरी. इंदूरला येऊन आजीने लोकांची दळणं दळली आणि पोराला वाढवलं. वडील मोठे झाल्यावर दर दसऱ्याला चुलत्यांना सोनं द्यायला जायचे आणि अंगणातूनच परत यायचे. कोणी पाणीसुद्धा विचारायचं नाही.

म्हणून म्हातारपणी अच्युतरावांनी मुलीला, निशिगंधाला, गळ घातली. ती कॉलेजात शिकवायची. तिने दिल्लीला अर्ज केले, लंडनला मेल पाठवले. वर्षभराने उत्तर आलं, तेव्हा सुदामा नगरच्या घरी ती वडिलांसमोर कागद उलटा ठेवून बसली.

"मिळालं ना? अरे वा! आता गौतमपुऱ्याच्या आपल्या चुलतघरच्या मुकुलला फोन लाव. म्हणावं, बघ भिया, आम्हीपण जगदाळेच आहोत."

"बाबा, नाव तेच आहे. गाव तेच, बापाचं नावही तेच. तापाने गेले, तिथल्याच इस्पितळात."

"कधी?"

"रेकॉर्डमध्ये गडबड असू शकते हं. त्या काळी कारकून काहीपण लिहायचे."

"निशी, कधी ते सांग."

"सतरा सालच्या मार्चमध्ये," ती हळूच म्हणाली. "घरी खबर पोचल्याचीपण नोंद आहे. त्याच उन्हाळ्यात."

अच्युतरावांचे वडील अठरा सालच्या दिवाळीतले. साथीच्या तापाने घरोघरी माणसं मरत होती आणि माझा बाळ जन्मला, असं आजी कौतुकाने सांगायची. खबर आली तेव्हा हा पोटात होता, असंही सांगायची.

अच्युतराव म्हणाले, "माझा बाप जन्मभर त्या अंगणात उभा राहिला गं. त्या सगळ्यांना ठाऊक होतं. एकट्या त्यालाच नव्हतं."

"बाबा, जाऊ द्या ना."

"विशीची पोर होती आजी. कोणी जबरदस्ती केली, की कोणी माया लावली? कोणाला विचारू मी आता?"

ते उत्तर कुठल्याच दप्तरात मिळणार नव्हतं. मुकुलला फोन लावायचा राहिला तो राहिलाच.

पितृपक्षात गुरुजी आले. वडिलांच्या नावाने पाणी सोडून झालं. "आजोबांचं नाव?" गुरुजींनी विचारलं. दरवर्षी न चुकता ओठांवर येणारं नाव आज येईना. तो परमुलखात तापाने मेलेला, मागे मूल नसलेला तरुण अच्युतरावांच्या डोळ्यांपुढे आला. त्यालाही दुसरं कोण होतं?

"पंढरीनाथ," ते म्हणाले आणि पाणी सोडलं.

मग आजीचं नाव घेऊन पाणी सोडलं. गुरुजी थांबले. "आणखी कोणी?"

"आहेत एक. नाव ठाऊक नाही."

"चालतं. नावाशिवाय द्या."

त्यांनी ओंजळ पुढे केली, पण पाणी आधीच बोटांतून गळून गेलं, ताम्हनात पडलंच नाही. निशिगंधाने त्यांची ओंजळ पुन्हा भरली आणि खालून आपला हात धरला.