झाकणावरची खुर्ची

मी सेप्टिक टाकी बोलतेय. शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, मला डोळे नाहीत, वरचं सगळं मी पाइपातून ऐकलंय. तेव्हा चार-दोन शब्द इकडचे तिकडे धरा.

मला या घरातल्या आजोबांनी बांधून घेतलं. गवंडी म्हणाला, झाकण जरा वर ठेवतो, दर तीन वर्षांनी उपसायला बरं. आजोबांनी वेळच्या वेळी उपसूनही घेतलं. मग आजोबा गेले आणि घर मुलाकडे आलं. या मालकाला वाटतं, बटण दाबलं की विषय संपला.

विषय संपत नाही, माझ्याकडे येतो. जड ते तळाला बसतं, तेलकट ते वर सायीसारखं धरतं आणि मधलं पाणी शेजारच्या कप्प्यातून शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरतं. तळाचा गाळ खाऊन कमी करायला माझ्याकडे कोट्यवधी जंतू आहेत. कुरकुर न करता राबतात. या घरातलं असं एक माणूस दाखवा.

त्या बिचाऱ्यांवर मालक दर रविवारी ॲसिडची बाटली ओततो. मालकीणबाई कढईतलं तेल सिंकमध्ये सोडतात. धाकटा ओले वाइप्स टाकतो, कारण पाकिटावर 'फ्लश करा' असं लिहिलंय. पाकिटावर हसरं बाळही आहे. तेही ढकलणार का?

मग अंगणात फरश्या आल्या. माझं झाकण डोळ्यांत खुपतं म्हणून मालकाने ते फरशीखाली गाडलं. थोरल्या लेकीने विचारलं, बाबा, उपसायचं झालं तर? तर म्हणे, तुला काय कळतंय. पोरीने वाद घातला नाही. गुपचूप त्या फरशीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला.

सात वर्षं गेली. थोरलीचं लग्न जमत आलं. मुलाची आई घर बघायला येणार होती, तिचा होकार तेवढा बाकी होता. मोठा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे हो त्यांचा, असं मालक गावभर सांगत सुटला होता.

आणि नेमकी त्याच आठवड्यात मी गळ्यापर्यंत आले. बाथरूमच्या जाळीतून पाणी वर. घरभर दरवळ. मालकाने काय करावं? सेंट फवारला आणि पाहुणीला अंगणात बसवलं. मानाची खुर्ची बरोब्बर माझ्या डोक्यावर.

मी आवरून धरलं होतं, खरंच. पण आत धाकट्याने फ्लश केलं आणि मला ढेकर आला. मोठा. पाहुणीच्या पायाशी.

"शेजारचा कुत्रा," मालक म्हणाला.

बाईंनी टाचेने फरशीवर दोनदा ठोकलं. "झाकण कुठंय?"

"कसलं?"

"टाकीचं. आमची गाडी काय केळी वाहते असं वाटलं तुम्हाला? मैला उपसते. मीच चालवते."

मालक चारी पायांवर आला. अंगणभर रांगत एकेक फरशी ठोकून कान लावायला लागला. ट्रान्सपोर्टवाल्यांसमोर.

तेवढ्यात थोरली आली. "आई, जरा उठता?" खुर्ची सरकवली. खाली लाल ठिपका.

फरशी फोडली. गाडी कोपऱ्यावरच होती, बाई तीच घेऊन आल्या होत्या. कुणी आत वाकायचं नाही, आतल्या वायूने माणूस जागच्या जागी जातो, असं सगळ्यांना दटावून त्यांनी पाइप सोडला. सात वर्षांनी मी श्वास घेतला.

हात धुऊन बाई म्हणाल्या, "घर नाही आवडलं. पोरगी आवडली."

झालं. मला ओळखणारं एकच माणूस होतं, तेही सासरी गेलं. जाताना नवीन, उंच झाकण बसवून त्यावर उपसल्याची तारीख रंगवून गेली. मालकाने दुसऱ्याच दिवशी त्यावर कुंडी ठेवली.

गोष्ट फुकट नव्हती हं. उठा, घरात जा आणि विचारा, आपल्या टाकीचं झाकण कुठंय? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले, तर तेवढ्यावर मोबदला फिटला असं समजू नका. कुदळ घ्या. मी थांबते, मला कुठे जायचंय.