स्वच्छतागृहाचं कुलूप

पोरीला ताप भरला तेव्हा घरात प्रत्येकाने आपापली अक्कल पाजळली. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं बाहेरचं अरबट-चरबट खाल्लं. डॉक्टरीणबाईंनी मात्र पोरीला थोडं विचारलं आणि सोबत आलेल्या आत्याकडे वळून म्हणाल्या, "दिवसभर लघवी दाबून धरते ही. लागू नये म्हणून पाणीच पीत नाही. संसर्ग झालाय."

आत्याचं डोकंच फिरलं. नळजोडणीची कामं करते म्हणून सगळे तिला नळवाली म्हणत. शाळेतल्या मुलींच्या नव्या स्वच्छतागृहाचे पाइप, टाकी, तोट्या, सगळं तिच्याच हातचं होतं. काम संपलं तेव्हा तिने भाचीला नेऊन हौसेने तोटी सोडून दाखवली होती.

"मग तिथे जायला काय धाड भरली तुला?"

"कुलूप असतं," पोर म्हणाली. "तपासणीचे पाहुणे बघून जाईपर्यंत वापरायचं नाही. घाण झालं तर शाळेचे गुण जातील."

ताप उतरला आणि नेमके त्याच दिवशी पाहुणे यायचे होते. आत्या भाचीला घेऊन शाळेत गेली. हत्यारांची पिशवी खांद्याला होतीच.

शाळेच्या भिंतीवर साऱ्या जगाची उद्दिष्टं रांगेने रंगवली होती. भिंतीवर गरिबी हटली होती, भूक पळाली होती, समुद्रातले मासे खुशाल पोहत होते. स्वच्छ पाण्याच्या निळ्या चौकोनाशेजारी स्वच्छतागृहाचं बाहेरचं दार होतं. दाराला तोरण, आणि तोरणाखाली हे एवढं थोरलं कुलूप.

"सर, किल्ली द्या."

हेडमास्तरांनी आधी फाटकाकडे पाहिलं. "अहो, आज नको. पाहुणे आलेच आहेत दारात."

"पोरींनी जायचं कुठे?"

"आजवर जातच होत्या की मागच्या झुडपांत."

"ती झुडपं कुठायत?"

"छाटली ना. उघड्यावर जाणं बंद झालं, असं लिहून द्यायचं होतं." त्यांचा आवाज मवाळ झाला. "जरा कळ काढा. एकदा शिक्का बसला की उघडतोच."

"कळ तुम्ही काढताय होय? कळ पोरी काढतायत! माझी पोर तापाने फणफणली होती, सर. तुमच्या ऑफिसातल्या मोरीला लावता का कुलूप? लावा की! संध्याकाळपर्यंत बसा बघू दाबून!"

हेडमास्तरांचा चेहरा पडला. तेवढ्यात पाहुणे आवारात शिरलेच. आत्याने पिशवीतून पाना काढला आणि कडीवर असा हाणला की तोरण खाली आलं. कडी निखळली. आतल्या पांढऱ्याशुभ्र फरशीवर अजून एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. ते बघून तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एवढं राबून तिने काय बांधलं होतं, तर बघायची वस्तू!

पाहुण्यांना वाटलं, हे उद्घाटनच. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने फोटोही काढला. हेडमास्तर हसायचं म्हणून हसले.

पोरी थोडा वेळ चुळबुळल्या. मग एक धावली, तिच्यामागे दुसरी, आणि बघता बघता ढकलाढकली सुरू झाली. भाची तेवढी जागची हलली नाही. पाय आवळून भिंतीला चिकटून उभी राहिली.

"जा की गं! तुझ्यासाठीच तोडलंय."

"नको आत्या." तिचे डोळे भरले होते. "मी गेले तर घाण होईल. पाहुणे अजून इथेच आहेत."

इतका वेळ कुणावर तरी ओरडता येत होतं. आता कुणावर ओरडणार? हे कुलूप पान्याने निघणारं नव्हतं.

तिने पोरीचा हात धरला, टाळ्या वाजवणाऱ्यांना कोपराने बाजूला सारलं आणि तिला आतल्या एका रिकाम्या संडासात नेलं. "होऊ दे घाण," ती मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी धुईन." मग त्या संडासाचं दार ओढून ती बाहेर उभी राहिली. आतून बराच वेळ काहीच आवाज आला नाही. पाहुणे ताटकळले, हेडमास्तर घड्याळ बघू लागले. आत्या दारातून हलली नाही.