अभ्र्याचा कोपरा

लॉज कितीही साधा असो, निघताना आई पलंग उघडा करूनच निघायची. चादरी उतरवायच्या, उशांचे अभ्रे काढायचे आणि सगळ्याचं गाठोडं दाराशी ठेवायचं. वीस वर्षं इस्पितळात नर्स असलेल्या बाईला वापरलेली गादी तशीच टाकून जाणं जमत नसे. बाबा म्हणत, हिनं रजा घेतली तरी ड्यूटी हिला सोडत नाही. प्रवासाच्या चौथ्या सकाळी अभ्रे काढायचं काम खारूताईनं मागून घेतलं. ती नऊ वर्षांची. खिशात काय काय साठवायची, म्हणून घरात हेच नाव पडलं होतं.

तासभर गाडी चालल्यावर बाबांनी एक विनोद सांगितला. आजोबा हसले नाहीत. त्यांनी कान चाचपला आणि त्यांचा चेहरा उतरला. कानातलं यंत्र हरवू नये म्हणून झोपताना त्यांनी ते अभ्र्यात सरकवलं होतं.

अभ्रे तर खारूताईनंच काढले होते. परवा ते सगळे आजोबांच्या थोरल्या बहिणीकडे पोचणार होते, अकरा वर्षांनी. आजारपणापासून तिचा आवाज कुजबुजीएवढाच उरला होता, आणि पुष्कळ बोलायचं साठलंय, असं तिनं पत्रात लिहिलं होतं. बाबांनी गाडी वळवली.

लॉजच्या तळघरात लाँड्री होती. कपडे धुण्याची तीन यंत्रं घरघरत होती आणि समोर पांढऱ्या कपड्यांचा डोंगर. चाळीस खोल्यांचे अभ्रे, सगळे एकसारखे. त्यातला आजोबांचा कुठला, हे कोण सांगणार? लाँड्रीवाल्या मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "केवढं आहे ते?"

"शेंगदाण्याएवढं."

चाचपून पाहिल्याशिवाय आपण एकही कपडा यंत्रात टाकत नाही, तेव्हा ते असलं तर इथंच असेल, असं मावशी म्हणाल्या. मग त्या सुरू झाल्या. दोन्ही अंगठे अभ्र्याच्या कोपऱ्यांत, एक झटका, अभ्रा उलटा. नजर भलतीकडेच. खारूताईचा एक होईपर्यंत त्यांचे सात व्हायचे. तिनं कितीही घाई केली तरी अभ्रा हाताच्या कोपराशी अडकायचा.

"घाई नको गं. कोपऱ्यापर्यंत अंगठा जाऊ दे," मावशी म्हणाल्या. "बोटांना कळू दे आधी."

तिनं तसं केलं. एक बटण सापडलं, मग केसांची पिन. डोंगर ओसरत चालला, आजोबांचं यंत्र मात्र मिळेना.

तेवढ्यात मावशींचा हात एका अभ्र्यावर क्षणभर थांबला. त्यांनी तो झटकला नाही. नुसता उचलून खारूताईच्या ढिगावर ठेवला आणि पुढचा घेतला.

खारूताईनं ते पाहिलं. अंगठा कोपऱ्यापर्यंत नेला. शेंगदाण्याएवढं, गुळगुळीत, टणक.

आजोबांनी यंत्र कानात बसवलं. खारूताई त्यांच्या पाठीमागे गेली आणि जमेल तितक्या हळू कुजबुजली, "आजोबा."

"काय गं?" म्हणत ते वळले.

आईनं डोळ्यांना पदर लावला. खारूताईला मावशींना विचारायचं होतं, की आत काय आहे ते वरूनच कसं कळलं. पण त्यांचे हात पुढच्या अभ्र्यांत बुडाले होते, आणि बाबा गाडीकडे निघाले तरी ती त्या हातांकडे बघत तिथंच उभी राहिली.